एकवीस अंकी संख्या आणि तीन वर्षांचे रविवार

मित्रहो, मागच्या दोन व्याख्यानांत आपण 'प्रमाण' या शब्दाभोवती फिरत होतो. ज्ञान झाले असे केव्हा म्हणायचे, कशाच्या आधारावर म्हणायचे, आणि एकच गोष्ट दोन-तीन वेगवेगळ्या वाटांनी कळू शकते का, असा तो प्रश्न होता. आज त्या प्रश्नासाठी आम्ही इतिहासातले एक उदाहरण आणले आहे, आणि ते एका संख्येचे आहे. गणिताची धास्ती असलेल्यांनी उठून जायचे कारण नाही. गुणाकार आणि भागाकाराची बाकी, यापलीकडे आज काही लागणार नाही.

संख्या अशी: १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. मोजून बघा, एकवीस अंक आहेत. लीलावतीत भास्कराचार्यांनी एकं-दहं पासून स्थानांची जी नावे दिली आहेत ती परार्धापाशी थांबतात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. आपली संख्या तिथून बरीच पुढे गेलेली आहे. जुन्या भाषेत सांगायचे तर सुमारे पावणेपंधराशे परार्ध. पण ती लिहायची सोपी रीत आहे. दोनाला दोनाने गुणत जा, असे सदुसष्ट दोन एकमेकांत गुणा आणि शेवटी एक वजा करा. बुद्धिबळाच्या पटावरच्या गव्हाच्या दाण्यांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. त्या पटाला चौसष्टाऐवजी सदुसष्ट घरे असती तर सगळे दाणे मिळून बरोबर आपली संख्या झाली असती.

आता अशा संख्यांची कुणाला काय पडली होती? याचे मूळ युक्लिडपर्यंत जाते. ६ चे स्वतःला सोडून सगळे विभाजक १, २, ३. त्यांची बेरीज ६. २८ चे १, २, ४, ७, १४, बेरीज २८. अशा संख्यांना परिपूर्ण संख्या म्हणतात. युक्लिडने दाखवले की दोनाच्या घातातून एक वजा करून येणारी संख्या जर मूळ असेल, म्हणजे एक आणि ती स्वतः यांखेरीज तिला कशानेही भाग जात नसेल, तर तिच्यापासून एक परिपूर्ण संख्या बनवता येते. दोनाचा तिसरा घात आठ, वजा एक सात. सात मूळ आहे. चार गुणिले सात अठ्ठावीस. म्हणून प्रश्न असा उरला: दोनाचा कितवा घात घेऊन एक वजा केला असता मूळ संख्या मिळते? घातांक मूळ असावा लागतो हे लवकरच लक्षात आले, पण तेवढे पुरत नाही. अकरा मूळ आहे, तरी दोनाचा अकरावा घात वजा एक म्हणजे २०४७, आणि ते २३ गुणिले ८९ आहेत.

इथे फादर मॅरँ मेर्सेन येतात (१५८८–१६४८). पॅरिसमधल्या मिनिम पंथाच्या मठात राहणारा हा माणूस म्हणजे त्या काळातले युरोपचे टपालघर होते म्हणा ना. देकार्त, फर्मा, पास्काल, सगळ्यांची पत्रे त्यांच्याकडे येत आणि त्यांच्याकडून इतरांकडे जात. नियतकालिके निघायच्या आधीचा काळ आहे हा. १६४४ मध्ये मेर्सेन यांनी एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत सांगून टाकले की २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढ्यांनाच मूळ संख्या मिळते, बाकी कशालाही नाही. म्हणजे आपली सदुसष्टवाली संख्या मूळ आहे, असे त्यांचे म्हणणे.

हे त्यांना कसे कळले? गंमत अशी की पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे तपासायला सगळा काळ खर्चला तरी पुरणार नाही, अशा अर्थाचे याच मेर्सेननी लिहून ठेवले आहे. आणि आपली संख्या एकवीस अंकी! सरळ तपासायची तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भाग देऊन पाहायला हवे. ते वर्गमूळ बाराशे कोटींच्या वर आहे आणि तिथपर्यंतच्या मूळ संख्या पन्नास कोटींहून अधिक आहेत. एका मठवासी माणसाने, नव्हे साऱ्या मठाने, जन्मभर भागाकारच केले असते तरी त्याचा एक कोपराही संपला नसता. काही इतिहासकारांना वाटते की मुळात ६१ असावे आणि छापताना ६७ झाले. असेलही. ६१ ला खरोखरच मूळ संख्या मिळते हे १८८३ मध्ये पेर्वूशिन या रशियन धर्मोपदेशकाने दाखवले. पण मेर्सेनच्या यादीत ८९ आणि १०७ हेही राहून गेले आहेत आणि २५७ चुकीचा आहे, तेव्हा सगळे खापर खिळे जुळवणाऱ्यावर फोडता येणार नाही. त्या यादीचा पूर्ण निकाल लागायला १९४७ साल उजाडले.

तरीही दोनशेहून अधिक वर्षे ती यादी पुढे जात राहिली. एकतिसाव्या घाताचे म्हणणे बरोबर होते हे ऑयलरने सिद्ध केले, ते १७७२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे उरलेल्या यादीवरचा विश्वासही वाढला असणार. मोठ्या माणसाचे एक वाक्य खरे ठरले की पुढची चार आपण न तपासताच घेतो. आता नैयायिकांकडे वळा. शब्द हे प्रमाण आहे, पण कुणाचा शब्द? आप्ताचा. आणि आप्त कोण? ज्याने ती वस्तू स्वतः साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. मेर्सेन यांच्या सचोटीबद्दल शंका घ्यायला जागा नाही, म्हणजे दुसरी अट पुरी होते. पहिली मात्र होत नाही. त्यांनी ती वस्तू जाणलेलीच नव्हती. ही अट आमच्या विद्यार्थ्यांना नेहमी किरकोळ वाटत आली आहे, म्हणून मुद्दाम सांगितले.

आता एदुआर लुकास. जन्म १८४२, फ्रान्समधल्या आमियँ शहरात. फ्रान्स-प्रशिया युद्धात तोफखान्यावर अधिकारी, पुढे पॅरिसमध्ये शाळामास्तर. आमच्या मते या गोष्टीतला सगळ्यात मोठा माणूस हाच, पण नाव मेर्सेनचे राहिले. तीन खुंट्या आणि लहानमोठ्या चकत्यांचा 'हॅनोईचा मनोरा' हा खेळ तुम्ही नातवंडांबरोबर खेळला असाल. तो लुकासने १८८३ मध्ये काढला. त्यातही हीच संख्या लपलेली आहे, बरं का. चकत्या जितक्या, दोनाचा तितकावा घात वजा एक एवढ्या खेळ्या कमीत कमी लागतात. सदुसष्ट चकत्यांचा मनोरा हलवायला बरोबर आपली संख्या.

१८७६ मध्ये लुकासने एक विलक्षण गोष्ट केली. संख्येला भाग न देता ती मूळ आहे की नाही हे ठरवायची रीत त्याने शोधली. तिचे पुढे लेहमरने १९३० मध्ये सोपे केलेले रूप आम्ही करून दाखवतो. चारापासून सुरुवात करा. वर्ग करा, दोन वजा करा, आणि जी संख्या तपासायची तिने भागून फक्त बाकी ठेवा. पुन्हा वर्ग, पुन्हा वजा दोन, पुन्हा बाकी. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या वेळा हे केल्यावर बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाही आली तर संयुक्त. ३१ घ्या, म्हणजे पाचवा घात वजा एक. पायऱ्या तीन. चाराचा वर्ग सोळा, वजा दोन चौदा. चौदाचा वर्ग १९६, वजा दोन १९४, एकतिसाने भागले की बाकी आठ. आठाचा वर्ग चौसष्ट, वजा दोन बासष्ट, आणि बासष्टात एकतीस बरोबर दोनदा. बाकी शून्य. एकतीस मूळ.

आता २०४७ घ्या. पायऱ्या नऊ. बाकी क्रमाने १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२ आणि शेवटी १७३६. शून्य नाही, म्हणून २०४७ संयुक्त आहे. पण या सगळ्या आकड्यांत २३ कुठे दिसतात का? ८९ दिसतात? नाही. ती संख्या फुटते एवढे नक्की कळले. कुठे फुटते याबद्दल रीत एक अक्षर बोलत नाही.

या मार्गाने १२७ व्या घाताची एकोणचाळीस अंकी संख्या मूळ आहे हे लुकासने हाताने गणित करून सिद्ध केले; पुढे पाऊणशे वर्षे तिच्याहून मोठी मूळ संख्या कुणाला ठाऊक नव्हती. आणि त्याच सुमारास त्याने दाखवले की सदुसष्टवाली आपली संख्या मूळ नाही. अवयव? माहीत नाहीत.

ज्यांनी वात्स्यायनाचे भाष्य वाचले आहे त्यांच्या एव्हाना लक्षात आले असेल आम्ही कुठे चाललो आहोत ते. एकच विषय अनेक प्रमाणांनी कळू शकतो, याला नैयायिक प्रमाणसंप्लव म्हणतात. बौद्धांना, दिङ्नागाला, हे मान्य नव्हते. त्यांच्या मते प्रत्येक प्रमाणाचा विषय वेगळा. वात्स्यायनाचे उदाहरण अग्नीचे आहे. कुणी जाणत्याने सांगितले की पलीकडे आग आहे: हा शब्द. थोडे जवळ गेलो, धूर दिसला: हे अनुमान. अगदी जवळ गेलो आणि ज्वाळा दिसल्या: हे प्रत्यक्ष. आणि वात्स्यायन म्हणतो की प्रत्यक्षापाशी जिज्ञासा थांबते. सांगणाऱ्याच्या शब्दावर ती थांबत नाही, धूर पाहूनही थांबत नाही. १८७६ पासून गणितज्ञांची स्थिती ही दुसऱ्या टप्प्यावरची होती. धूर दिसला होता, आग दिसली नव्हती. इथे एक फरक करायला हवा. लुकासचे ज्ञान दुय्यम होते, शंकास्पद होते, असे मुळीच नाही. सिद्धता ती सिद्धताच. शिवाय नुसत्या 'आहे' या अस्तित्ववाचक सिद्धतांवर आक्षेप घेणारे जे ब्राउवरपंथी, तेही इथे तक्रार करणार नाहीत. कारण भागाकार करत राहिले तर अवयव कधीतरी सापडणार, हे तत्त्वतः निश्चित आहे. मग सापडवून काय वेगळे मिळते? हाच आजचा प्रश्न आहे.

हे 'तत्त्वतः' म्हणजे किती, ते आधी मोजू. फर्माने १६४० मध्ये मेर्सेन यांनाच पत्रातून कळवले होते की असल्या संख्येचा कोणताही मूळ अवयव हा घातांकाच्या दुपटीच्या पटीत एक मिळवून येतो. आपल्यासाठी, १३४ च्या पटीत एक अधिक. म्हणजे १३५, २६९, ४०३ अशा ठरावीक संख्याच तपासायच्या. पुढे असेही कळले की आठाने भागल्यावर बाकी १ किंवा ७ उरायला हवी. त्यामुळे निम्म्या गळतात. ३, ५, ७, ११ ने भाग जाणाऱ्या काढून टाकल्या की अजून गळतात. एवढे करूनही पहिला अवयव सापडेपर्यंत सुमारे तीन लाख संख्यांनी एकवीस अंकी संख्येला भाग द्यावा लागतो. हातांनी.

आता न्यू यॉर्क. ३१ ऑक्टोबर १९०३, शनिवार. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची सभा. वक्ते फ्रँक नेल्सन कोल, कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक, सोसायटीचे चिटणीस. लायप्झिगला क्लाइनच्या हाताखाली शिकलेले, मूळचे गटसिद्धांतातले. विषय, मोठ्या संख्यांचे अवयव पाडणे. गोष्ट अशी सांगतात की कोल उठले, फळ्यापाशी गेले आणि एक शब्द न बोलता दोनाचा सदुसष्टावा घात काढू लागले. तो काढला, एक वजा केला. मग फळ्याच्या मोकळ्या बाजूला गेले आणि १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार हाताने, एकेक ओळ मांडत केला. दोन्ही उत्तरे तीच. कोल जागेवर जाऊन बसले, टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि कुणीही एकही प्रश्न विचारला नाही.

प्रश्न कशाला विचारतील? वात्स्यायनाला यापेक्षा चांगले उदाहरण मिळाले नसते.

पण थांबा. ही गोष्ट आपल्याला कुणी सांगितली? एरिक टेंपल बेल यांनी, १९५१ च्या पुस्तकात. कोलना ही संख्या फोडायला किती वेळ लागला असे आपण १९११ मध्ये त्यांना विचारले आणि 'तीन वर्षांचे रविवार' असे उत्तर आले, हेही बेलच सांगतात. आता १९०३ मध्ये बेल होते वीस वर्षांचे विद्यार्थी, देशाच्या दुसऱ्या टोकाला, स्टॅनफर्डमध्ये. म्हणजे ते साक्षीदार नव्हते. शिवाय गणितज्ञांच्या आयुष्याला नाट्याची फोडणी देण्याबद्दल त्यांची ख्याती आहे. कोल यांचा लेख त्याच वर्षी सोसायटीच्या बुलेटिनमध्ये छापून आला. (तो सुरू होतो १३४ व्या पानावर, म्हणजे सदुसष्टाच्या दुपटीवर, हा निव्वळ योगायोग, पण आम्हांला आवडला.) त्या लेखात पद्धत शब्दांत समजावून दिलेली आहे. म्हणून व्याख्यान खरोखर मुके होते की काय याबद्दल आमच्या मनात शंका आहे. तेव्हा स्थिती अशी झाली की संख्येचे ज्ञान शब्दापासून निघून प्रत्यक्षापर्यंत पोचले, आणि ते ज्या सभेत पोचले त्या सभेचे ज्ञान मात्र शब्दापाशीच अडकले, तेही ऐकीव. गणिताचा इतिहास हा गणित नसतो, इतिहास असतो. त्याला इतिहासाचेच नियम लावावे लागतात.

रविवारांचा हिशेब मात्र तपासता येतो. तीन वर्षांचे रविवार १५६. दर रविवारी दहा तास धरले तर १५६० तास. तीन लाख भागाकार त्यात बसवायचे तर मिनिटाला तीन आणि वर थोडे. एकवीस अंकी संख्येला नऊ अंकी संख्येने वीस सेकंदांत कोण भागेल? तेव्हा सरळ भागाकाराने हे झालेले नाही हे उघड आहे, आणि कोल यांच्या लेखातूनही तेच दिसते. त्यांनी वर्गसंख्यांच्या बाकींचा उपयोग करून चाळणी लावली. संभाव्य अवयवांवर एकामागून एक अटी घालत उमेदवारांची संख्या इतकी खाली आणली की उरलेले हाताने तपासता यावेत. तीन वर्षे गेली ती बहुतांशी ही चाळणी बांधण्यात, असे आम्ही समजतो.

आणि पडताळा? तो तुम्ही आज रात्री जेवणानंतर घ्या. नऊ अंकी गुणिले बारा अंकी. शांतपणे मांडलात तर अर्धा तास पुरे. ज्यांना तेवढाही धीर नाही त्यांनी निदान शाळेतला नवांचा ताळा करावा. पहिल्या अवयवाच्या अंकांची बेरीज ३७, मग १०, मग १. दुसऱ्याची ६४, मग १०, मग १. एके एक एक. आणि आपल्या एकवीस अंकांची बेरीज १०९, मग १०, मग १. ताळा जमला. अर्थात ताळा जमला म्हणजे गुणाकार बरोबरच आहे असे नाही; तो चूक पकडतो, बरोबर असल्याची हमी देत नाही. हे गुरुजी सांगत असत, आपण विसरतो.

तर 'सापडवून काय वेगळे मिळते' याचे आमचे उत्तर असे. लुकासचे म्हणणे मान्य करायला तुम्हांला त्याचा सिद्धांत समजावा लागतो आणि त्याच्या पायऱ्यांत कुठे चूक नाही यावर विश्वास ठेवावा लागतो, किंवा त्या सगळ्या स्वतः पुन्हा कराव्या लागतात. सदुसष्टासाठी त्या पासष्ट आहेत, प्रत्येकीत एकवीस अंकी संख्येचा वर्ग. कोलचे म्हणणे मान्य करायला चौथीतल्या मुलाचे गणित पुरते, आणि कोल कोण हे ठाऊक असण्याची गरज नसते. शोधणारा आणि पडताळणारा यांच्या कष्टांतले हे अंतर, तीन वर्षे विरुद्ध अर्धा तास, हेच या प्रसंगातले खरे नवल आहे. पुढे ते नवल राहिले नाही, धंद्याची गोष्ट झाली. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी याच अंतरावर एक गुप्तलेखनाची पद्धत उभारली: दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार जगाला उघड सांगायचा आणि अवयव स्वतःपाशी ठेवायचे. त्या वर्षी आव्हान म्हणून जाहीर केलेली १२९ अंकी संख्या फुटायला १९९४ उजाडले, आणि त्यासाठी सहाशेच्या आसपास स्वयंसेवकांनी आपले संगणक कामाला लावले होते.

लुकासची बाजूही पुढे गेली, आणि ती आपल्याकडे. ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीत मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी कोणत्याही संख्येचे मूळ असणे-नसणे खात्रीने ठरवणारी आणि अंक वाढले तरी वेळ आटोक्यात ठेवणारी रीत दिली. तीही अवयव सांगत नाही. धूर दाखवते, नेमका आणि लवकर.

कोल १९२० पर्यंत चिटणीस राहिले. निवृत्तीच्या वेळी मित्रांनी जमवून दिलेली रक्कम त्यांनी सोसायटीलाच परत केली आणि तिच्यातून कोल पारितोषिक सुरू झाले. संख्याशास्त्रातले, म्हणजे अंकगणिताच्या त्या उच्च शाखेतले, हे पारितोषिक २००८ मध्ये मंजुल भार्गव यांना आणि २०११ मध्ये आपल्या मुंबईचे चंद्रशेखर खरे यांना, झाँ-पिएर विंटेनबेर्जे यांच्या जोडीने, मिळाले आहे.

जाता जाता एक संख्या देऊन ठेवतो, घरी न्यायला. दोनाचा १२७७ वा घात वजा एक. ३८५ अंक आहेत. लुकासच्या वाटेने गेले की ती संयुक्त आहे हे निश्चित कळते. एवढे आजच्या साध्या संगणकालाही डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सांगता येते. तिचा एकही अवयव अजून कुणाला सापडलेला नाही. आपली एकवीस अंकी संख्या १८७६ पासून १९०३ पर्यंत सत्तावीस वर्षे जिथे उभी होती, तिथेच ही आज उभी आहे.

आता प्रश्न असतील तर घेऊ.